देवरेमास्तरांच्या राजकन्या

शंकरराव देवरे आमच्या हायस्कुलात इंग्लंडचा इतिहास शिकवत. पण वर्षातला एक महिना ते इंग्लंडात नसत. आठव्या हेन्रीनं आपली अठरा वर्षांची बहीण फ्रान्सच्या बावन्न वर्षांच्या राजाला दिली, इथवर धडा आला की तिच्या गलबतामागोमाग देवरेमास्तर फ्रान्सच्या किनाऱ्याला उतरत आणि मुलांना घेऊन तिथल्या राजवाड्यांतून हिंडत राहत. हेडमास्तर हजेरीपटावर सही करता करता विचारत, "देवरे, बोट परतली का?" देवरे शांतपणे म्हणत, "वारा पडलाय, साहेब."

सन तिसाच्या पुढची ती वर्षं. मी त्याच शाळेत ड्रॉइंगमास्तर होतो. आमचा घरचा धंदा तांब्याची भांडी घडवण्याचा. हातोडी सोडून ब्रश धरला म्हणून वडील नाराज होते, आणि माझ्याकडे पदवी नाही म्हणून शाळेतले पदवीवाले मला बाकाच्या टोकाला जागा ठेवत. देवरे पहिल्या दिवशीच त्या टोकाला येऊन बसले. बाजरीच्या भाकरीचे चार तुकडे केले आणि एक न विचारता माझ्यापुढे ठेवला. उंच, सावळा माणूस, अंगावर लांब कोट, पण कोटाच्या आतले खांदे नांगर धरणाऱ्याचे. गाव कळवणकडचं. घराण्यातले पहिले बी. ए. एरवी त्यांचं बोलणं पुण्याच्या पुस्तकासारखं नीट असे. मन हललं की मात्र अहिराणी बाहेर येई.

त्यांची एक सवय सगळ्या शाळेला ठाऊक होती. वर्गात नवा मुलगा आला की शाळा त्याच्या बापाचं नाव लिहून घेई. देवरे विचारत, "आईचं माहेर कुठलं?" मुलगा गोंधळून जाई. मग ते आपल्या वहीत पेन्सिलीनं लिहून ठेवत: पेठ, नामपूर, सिन्नर, जे असेल ते. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "राजांच्या याद्या सगळेच पाठ करतात रे. राज्यं मात्र बायकांबरोबर इकडून तिकडं गेली. त्यांचा पत्ता कुणी लिहून ठेवत नाही."

वर्गात एखाद्या राजकन्येचं लग्न लागलं, तह झाला, तोफा उडाल्या, की देवरे खडू खाली ठेवून विचारत, "पुढं काय झालं तिचं?" मुलांना उत्तर माहीत नसे. पुस्तकात ते नसेच. ते देवरेंनी कुठून कुठून, वाचनालयातल्या जाड इंग्रजी पुस्तकांच्या तळटिपांतून, गोळा केलेलं असे. जीन नावाची एक होती, राजाचीच मुलगी, अंगानं वाकडी. बापानं तिला मुद्दामच एका चुलतभावाच्या घरात दिली, म्हणजे ते घर निपुत्रिक होऊन बुडेल. वीस-बावीस वर्षांनी तोच नवरा राजा झाला आणि पहिलं काम केलं ते हिला सोडण्याचं, कारण त्याला आधीच्या राजाची विधवा, ब्रिटनीची ॲन, हवी होती. तिच्याबरोबर ब्रिटनीचा प्रांत येत होता. भर न्यायसभेत जीनच्या शरीराची चर्चा झाली. हे सांगताना देवरे खिडकीकडे बघत आणि मुलं बाकाखालचे पाय हलवायची थांबत.

त्यांची सगळ्यात लाडकी मात्र मार्गारेट. ही फ्रान्सची नव्हे, ऑस्ट्रियाच्या घराण्यातली. तीन वर्षांची असताना तिला फ्रान्सला आणली. आठ वर्षं पुढची राणी म्हणून वाढवली, सगळे तिला मुजरे करत. मग ज्याच्यासाठी तिला आणलं होतं त्या चार्ल्स राजाला तीच ब्रिटनीची ॲन हवीशी झाली, आणि ॲनचं लग्न तर मार्गारेटच्या बापाशी वकिलामार्फत लागून चुकलं होतं. देवरे म्हणत, "म्हणजे बापाची बायको घेतली आणि लेकीला परत धाडलं. तेही लगेच नाही. तिच्यासोबत आंदण आलेले प्रांत सोडवेनात, म्हणून दोन वर्षं तिला नुसती अडकवून ठेवली." पुढे बापानं स्पेनशी साटंलोटं केलं, भावाला स्पेनची मुलगी, स्पेनच्या मुलाला ही. 'साटंलोटं' या शब्दाला वर्ग हसे. देवरे हसू देत नसत. "तुमच्या-माझ्या घरातही होतं ते. ज्यांची अदलाबदल होते, त्यांना हसू येत नाही."

या सगळ्या घराण्यांची वंशावळ त्यांना एकत्र हवी होती, म्हणून आम्ही दोघांनी पंचवटीतल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीत सहा हात मांजरपाट जमिनीवर अंथरलं. जन्माची रेघ काळी, लग्नाची लाल, मोडलेल्या सोयरिकीची तुटक लाल. मी घोटीव अक्षरात नावं लिहायचो आणि देवरे गुडघ्यांवर रांगत सांगायचे, "इथं जागा ठेव. हिची बहीण राहिली." दौत धरायला त्यांची मुलगी मथुरा असे. तेरा-चौदा वर्षांची, डावखुरी, बोलायला फटकळ. एकुलती एक. मराठी शाळा संपवून इंग्रजी तिसरीत गेलेली. एका रविवारी ती कापडाकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ड्रॉइंगकाका, ही बाई मेल्यावर लग्नाला उभी राहिलीय."

खरंच होतं. सन लिहिताना मी दोन आकडे उलटे टाकले होते. देवरे एवढे हसले की त्यांच्या पत्नी काशीबाई स्वयंपाकातून बाहेर आल्या. काशीबाईंच्या तोंडावर तेव्हा जे समाधान होतं, ते मी पुढे फारसं पाहिलं नाही.

त्या हिवाळ्यात त्यांचे थोरले भाऊ, आप्पा, गावाहून आले. देवरे त्यांच्यासमोर कोट काढून जमिनीवर बसत. त्याला कारण होतं. वडील लवकर गेले. आप्पांनी शाळा सोडून औत धरलं आणि धाकट्याला नाशकाला, मग पुण्याला शिकायला ठेवलं. त्याबद्दल आप्पा कधी एक शब्द बोलले नव्हते आणि कधी काही मागितलंही नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा मागितलं.

आप्पांचा मुलगा दगडू पंचविशीचा झाला होता. त्याला फेफरं येई. जवळपासच्या गावांत हे माहीत असल्यामुळे त्याला मुलगी मिळत नव्हती. नामपूरचं एक घर तयार झालं, पण साट्यात. ते आपली मुलगी रुखमा दगडूला देणार, आणि देवऱ्यांच्या घरातून त्यांच्या बिजवर मुलाला मुलगी यायला हवी. देवऱ्यांच्या घरात मुलगी एकच होती.

मी तिथंच होतो, कापडाच्या कडेला रेघ मारत. उठून जावं की बसावं कळेना. आप्पा हळू आवाजात म्हणाले, "मी शबद दिधा शे, शंकर. तुनी पोर ती मनी पोर. आते मांगे फिरानं नही."

देवरेंनी विचारलं, "दगडूच्या आजाराचं सांगितलंत त्यांना?"

आप्पांनी पानाची चंची उघडली. देवरेंनीही पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांनी भाकरीचा तुकडा माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "नारायण, तू काय म्हणतोस?" मी सव्वीस वर्षांचा होतो. मला जे वाटत होतं ते सांगायला धीर हवा होता. मी म्हणालो, "घरातली गोष्ट आहे, मास्तर. मी काय सांगणार?" त्यांनी मान हलवली. त्यांना कुणीतरी अडवायला हवं होतं, हे मला तेव्हा कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी आज म्हणणार नाही.

मथुराला चौदा वर्षं पूर्ण झाली होती, त्यामुळे कायद्यानं कुणाला बोलता येत नव्हतं. वैशाखात दोन्ही लग्नं एकाच मांडवात लागली. मी गेलो होतो. मुंडावळ्यांतून मथुरा माझ्याकडे बघून ओळखीचं हसली. तिच्याहून दोनेक वर्षांनी मोठी असेल ती रुखमा. तिच्या डोळ्यांखाली काजळ पसरलं होतं. दोघींनी एकमेकींकडे एकदा नीट पाहून घेतलं. आता त्या एकमेकींच्या नणंदा-भावजया होत्या.

जूनमध्ये शाळा उघडली. इंग्लंडचा इतिहास हेन्रीच्या बहिणीपाशी आला आणि तसाच पुढे गेला. एका मुलानं धीर करून विचारलं, "सर, फ्रान्सचं?" देवरे म्हणाले, "ते परीक्षेला येत नाही." कापडावरची वंशावळ त्यांनी गुंडाळून शाळेच्या कपाटावर टाकली. आईचं माहेर विचारणंही थांबलं. नवी मुलं आली, त्यांच्या बापांची नावं लागली, आणि झालं. वर्ग शांत असे. पूर्वीपेक्षा जास्तच शांत. हेडमास्तरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "यांना बरं नाही का?" मी म्हणालो, "मुलगी सासरी गेली, त्यामुळे असेल."

नामपूरहून मथुराची पत्रं येत. तिथं कांद्याचं मोठं काम, दिवसभर कांदे साठवायच्या चाळीत. नवरा मारत नाही, फार बोलतही नाही, पहिल्या बायकोच्या लहान मुलीला आपला लळा लागलाय, असं लिहिलेलं असे. देवरे पत्र दोनदा वाचत आणि मग मला देत. मी वाचून झालं की विचारत, "तुला कसं वाटतं?" मी म्हणे, "ठीक वाटतंय." ते म्हणत, "अक्षर बारीक झालंय तिचं."

पुढच्या वर्षी आखाजीला रुखमा माहेरी आली. अक्षय्य तृतीयेला बागलाणातल्या सगळ्या मुली माहेरी येतात, झोके बांधतात, तशीच आली. पण सण झाल्यावर परत जाईना. दगडूचा आजार तिनं लग्नाच्या आठव्या दिवशी पहिल्यांदा पाहिला होता. तो चुलीपाशी पडला, त्याचा हात भाजला, आणि सासूनं तिलाच दोष दिला की तुझा पायगुण. वर्षभर तिनं काढलं. आता म्हणाली, विहीर जवळ करीन पण तिथं जाणार नाही. तिच्या घरच्यांना आपण फसवले गेलो हे कळलं. राग काढायला त्यांच्या हाती एकच गोष्ट होती. त्यांनी मथुराला बैलगाडीत बसवून आप्पांच्या दारात आणून सोडलं.

देवरेंना हे कळलं ते आप्पांच्या चिठ्ठीनं. ते लगोलग कळवणला गेले आणि दोन दिवसांनी एकटेच परत आले.

"आणली नाहीत?" मी विचारलं.

"आप्पा सोडत नाहीत. म्हणतात, नाशकाला नेलीस तर सोयरिक मोडली असं होईल. नामपूरचे रुखमाला पाठवतील तेव्हा हीही जाईल. तोवर इथंच." त्यांनी पिशवी खाली ठेवली. "पोर कोठीत धान्य निवडत बसली होती. मला म्हणाली, बाबा, मी इथं नक्की कुणाची आहे?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मी सांगितलं, थोडे दिवस धीर धर." खोलीत आणखी दोन शिक्षक होते. देवरेंनी त्यांच्याकडे न बघता टोपी काढली आणि दोन्ही हातांत धरून बसले. "आठ वर्षं मी मार्गारेट शिकवली, नारायण."

असे सात महिने गेले. मग पंच बसले आणि तोडगा निघाला. अमुक दिवशी दोन्ही गाड्या सटाण्याला नदीकाठी याव्यात, दोन्ही घरच्यांनी आपापली मुलगी आणावी आणि एकाच वेळी सासरी धाडावी. म्हणजे कुणी आधी नमलं असं होणार नाही. मुलीचा बाप म्हणून देवरेंनी हजर राहावं, असा आप्पांचा निरोप आला. देवरेंनी मला विचारलं नाही, फक्त म्हणाले, "सकाळच्या मोटारीनं निघायचंय." मीही काही न विचारता गेलो.

मोटारीत ते खिडकीबाहेर बघत होते. मग एकदम म्हणाले, "फ्रान्सिस राजा स्पेनच्या कैदेतून सुटला, तो असाच. नदीच्या मध्यावर. एका काठाहून बाप, दुसऱ्या काठाहून त्याची दोन लहान मुलं ओलीस म्हणून. एक आठ वर्षांचा, एक सात भरत आलेला. बोटी मध्ये भेटल्या, अदलाबदल झाली. बाप घोड्यावर बसून निघून गेला. पोरं चार वर्षं तिकडं."

सटाण्याला नदीकाठी आंब्यांखाली दोन गाड्या समोरासमोर उभ्या होत्या. बैल सोडलेले. आप्पा, पंच, नामपूरचे व्याही, सगळे एका सतरंजीवर बसून पान खात होते; बोलणी गोडीत चालली होती. मथुरा आप्पांच्या गाडीत आणि रुखमा समोरच्या गाडीत पदर ओढून बसली होती. रुखमाच्या मनगटावर सुतळीचे वळ दिसत होते. तिला बांधून आणली होती.

देवरेंनी ते पाहिलं. सतरंजीकडे न जाता ते सरळ नामपूरच्या गाडीपाशी गेले. पुतण्याची बायको, चुलतसासऱ्यानं तिच्याशी असं चारचौघांत बोलायची रीत नव्हती. त्यांनी टोपी काढली.

"पोरी, तुला जायचंय का?"

सतरंजीवरचं बोलणं थांबलं. रुखमानं मान वर केली नाही. देवरेंनी पुन्हा तेच विचारलं, तितक्याच हळू. ती म्हणाली, "नही."

"दगडूला फेफरं येतं हे मला लग्नाआधी ठाऊक होतं," देवरे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी बोललो नाही. ही चूक माझी आहे. हिची नाही."

आप्पा उठून उभे राहिले. "शंकर, बस खाली."

देवरे मथुराकडे वळले. "तुला जायचंय का?"

मथुरा गाडीच्या कडेला सरकली. तिकडं तिची वाट बघणारी ती लहान मुलगी होती, हे मला पत्रांवरून माहीत होतं. तिनं समोरच्या गाडीकडे पाहिलं आणि विचारलं, "मी गेले तर वहिनीला जावंच लागेल ना?"

"हो."

"मग नाही जात." आणि थोड्या वेळानं, "छकुलीला कुणीतरी सांगा, मी रागावून गेले नाही."

त्यानंतर बराच गोंधळ झाला. व्याही हातघाईवर आले, पंचांनी त्यांना धरलं. आप्पा मात्र ओरडले नाहीत. भावाच्या जवळ आले, त्याच्या कोटाच्या बाहीला हात लावला आणि म्हणाले, "मी तुले शिकाडं, ते यानाकरता?" देवरे म्हणाले, "हा, आप्पा. यानाकरताच." आप्पांनी हात काढून घेतला. "आजपाईन मना भाऊ मरी गया," असं म्हणून ते बैल जुंपायला गेले.

मथुराला घेऊन आम्ही संध्याकाळच्या मोटारीनं परतलो. ती खिडकीशी बसली होती.

हे केलं म्हणून देवरे सुखी झाले, असं मी सांगू शकत नाही. नामपूरच्यांनी मुलाचं तिसरं लग्न केलं. रुखमा माहेरी राहिली. तिला तिथं कसं वागवत, हे कळायला मार्ग नव्हता, आणि देवरेंना त्याची टोचणी होती. मथुराला एका शाळेनं लग्न झालेली मुलगी म्हणून नाकारलं, दुसरीनं घेतलं. ती अभ्यास करी, पण पूर्वीसारखी फटकळ बोलत नसे. काशीबाईंच्या कळवणच्या माहेरानं आप्पांची बाजू घेतली, तेही तुटलं. त्या नवऱ्याला जेवायला वाढत आणि भिंतीकडे बघत बसत. देवरेंनी वर्गात पुन्हा फ्रान्स शिकवायला सुरुवात केली. पूर्वी ते गोष्ट सांगत. आता मधेच थांबत, वाक्य अर्धं सोडत, आणि मुलांना वाटे सर विसरले.

दिवाळीला, आखाजीला ते आप्पांना पत्र लिहीत. उत्तर येत नसे. एकदा पत्र न फोडता परत आलं, तेव्हा त्यांनी ते मला दाखवलं. पत्त्यावर काट मारली होती. "आप्पांची काट नाही ही," ते म्हणाले. "त्यांचा हात इतका कापत नाही." मग स्वतःच म्हणाले, "आता कापत असेल."

दोनेक वर्षांनी आप्पा गेले. देवरेंना कुणी कळवलं नाही. बाजारात आलेल्या कळवणच्या एका माणसाकडून समजलं, की घरची माणसं अस्थी घेऊन दुसऱ्या दिवशी रामकुंडावर येणार आहेत. सकाळी शाळेत जाण्याआधी ते माझ्या दारात आले. "तू येतोस का? मी लांबच उभा राहीन."

माघ महिना होता. पायऱ्यांवर शेवाळ, पाण्यावर धूर. आम्ही वरच्या अंगाला एका खांबाशी थांबलो. खाली पाच-सहा माणसं होती. दगडूचं डोकं नुकतंच केलेलं, कानांवर थंडीनं काटा. त्याच्या दोन्ही हातांत मडकं होतं. भटजी सांगत होते तसा तो एकेक पायरी उतरत होता. घरच्यांपैकी एकानं आम्हाला पाहिलं, पण ओळख दाखवली नाही.

तिसऱ्या पायरीवर दगडूचा पाय घसरला. तो पडला नाही. पण हात गुंतलेले, तोल जात होता, आणि बाकीचे मागे होते. देवरे माझ्या शेजारून कधी निघाले ते मला समजलं नाही. कोट, धोतर, पायातल्या वहाणा, सगळ्यांसकट ते पाण्यात उतरले आणि त्यांनी दगडूला कोपराशी धरलं.

दगडूनं वळून पाहिलं. मला वाटलं, तो हात झटकणार. वरची माणसंही तशीच वाट बघत होती. दगडूनं पुन्हा पाण्याकडे तोंड केलं आणि मडकं जरासं डावीकडे सरकवलं, एवढंच. चुलत्याच्या हाताला जागा होईल इतकं.

जूनमध्ये देवरे धुळ्याकडच्या एका शाळेत गेले. त्यांची माझी पुन्हा गाठ पडली नाही. माझ्या नजरेसमोर आहेत ते त्या सकाळचे: कमरेइतक्या पाण्यात, कोट भिजून काळा झालेला, मडक्याच्या बुडाशी धरलेला एक हात. भटजींनी पितरांची नावं विचारली तेव्हा दगडू नुसता मडक्याकडे बघत राहिला, म्हणून देवरेंनीच सांगितली. आधी दगडूच्या बापाचं, मग आजाचं. आणि भटजी पुढं जाऊ लागले तेव्हा त्यांना थांबवून आपल्या आणि आप्पांच्या आईचं.